मोदक फॉन्ट आणि फटींचा हिशेब

मोदक हा देवनागरी आणि रोमन या दोन लिप्यांमधला, शीर्षकांसाठी केलेला सजावटी फॉन्ट आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्टसंस्थेने तो घडवला. त्यातली देवनागरी अक्षरे सारंग कुलकर्णी यांची, रोमन मैथिली शिंगरे यांची. २०१५पासून तो गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतो. गणपतीच्या दिवसांतले फ्लेक्स, मिठाईच्या दुकानांच्या पाट्या, बालवाडीच्या स्नेहसंमेलनाचे बॅनर, मुलांच्या पुस्तकांची मुखपृष्ठे, खाऊच्या पुड्या अशा ठिकाणी तो शोभतो. जिथे शोभत नाही, तिथेही तो पुष्कळ वापरला जातो.

त्याचे वेगळेपण डोळ्यांत भरायला वेळ लागत नाही. नेहमीच्या फॉन्टात काळ्या रेषेने अक्षर काढलेले असते आणि पांढरी जागा तिच्या आतबाहेर आपसूक उरते. मोदकमध्ये काळे सगळीकडे भरलेले असते आणि अक्षर ओळखू येते ते त्यात राखलेल्या बारीक पांढऱ्या चिरांमुळे. उकडीच्या मोदकाला चिमटीने कळ्या पाडाव्यात, तशा या चिरा अक्षराच्या अंगावर पडलेल्या दिसतात. अक्षरे आधी हाताने रेखाटली गेली आणि देवनागरी अक्षर जाड करत करत कुठवर नेले तरी वाचता येते, हे अजमावण्यातून हा फॉन्ट उभा राहिला. त्याची मर्यादाही तिथेच ठरली. चीर आहे तोवर अक्षर आहे. चीर बुजली की उरतो तो गोळा. डीटीपी, फ्लेक्स, पाट्या, स्टिकर या धंद्यांत मोदक वापरणाऱ्यांना आलेले बरेवाईट अनुभव तपासले, तर बहुतेकांच्या मुळाशी या फटीच सापडतात.

रोमन अक्षरे फुगवण्याचा उद्योग जुना आहे. लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच जाहिरातींसाठी जाडजूड अक्षरे ओतली जाऊ लागली होती, आणि शिकागोच्या ऑस्वाल्ड कूपर यांचे ‘कूपर ब्लॅक’ १९२२ साली आले ते आजही बेकरीच्या पाटीपासून टी-शर्टपर्यंत दिसते. देवनागरीत हे काम अवघड, कारण इथे अक्षराला चारही बाजूंनी शेजार असतो. वर शिरोरेषा, तिच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार, खाली उकार, शेजारी काना, आणि जोडाक्षर असेल तर एकाच्या पोटात किंवा पायाशी दुसरे अक्षर. रोमन ‘ओ’ फुगवायचा तर मधले भोक लहान केले की काम झाले. ‘ष्ट्री’ फुगवायचे तर जागा आणायची कुठून?

त्यात देवनागरीच्या काही जोड्या फक्त एका लहानशा खुणेवर वेगळ्या राहतात. ‘व’च्या पोटात तिरकी रेघ आली की ‘ब’; ‘प’च्या पोटात आली की पोटफोड्या ‘ष’. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांच्यातला फरक तर शिरोरेषा कुठे तुटते आणि डोक्याशी गाठ आहे की नाही, एवढाच. साध्या वजनाच्या फॉन्टात या खुणा सहज दिसतात. जाड फॉन्टात त्यांना मोजकीच पांढरी जागा मिळते. म्हणून मोदकमधला मजकूर तपासताना मुरलेला माणूस सगळी अक्षरे सारख्या लक्षाने पाहत नाही. ‘ब’, ‘ष’, ‘भ’, ‘घ’ आणि जोडाक्षरे यांवर त्याची नजर आधी जाते, कारण छपाईत काही बिनसले तर तिथेच बिनसते.

असा फॉन्ट सर्वसाधारण डीटीपीवाल्याच्या हाती येण्याआधी एक मोठा बदल व्हावा लागला. त्याची आठवण धंद्यात अजून ताजी आहे. युनिकोडपूर्व काळात मराठी काम श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा पॅकेजांवर चाले. पुण्याच्या मॉड्युलरच्या श्रीलिपीत फॉन्टांची नावे बहुतेक आकड्यांची असत, आणि ऑपरेटरही ‘सातशे आठला घे’ अशाच भाषेत बोलत. सजावटी अक्षरांची त्या पॅकेजांत वाण नव्हती. अडचण होती ती संकेतांची. प्रत्येक पॅकेज आपल्या पद्धतीने इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी तुकडे बसवी. तोच फॉन्ट समोरच्या मशीनवर नसला की फाइल उघडताच मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसे. काही पॅकेजांना संगणकामागे लावायचे डाँगलही लागे. ते ज्या मशीनला, काम त्याच मशीनवर. पार्टीने, म्हणजे गिऱ्हाइकाने, ईमेलने मॅटर पाठवले तरी ते पुन्हा टाइप करावे लागे, आणि पुन्हा टाइप केले की नव्या चुका शिरत.

युनिकोड हा सगळ्यांसाठी एकच संकेत रुळला तसे हे सुटले. पार्टी व्हॉट्सअॅपवर मॅटर पाठवते, ते उचलून थेट फाइलमध्ये टाकता येते, आणि फॉन्ट बदलला तरी मजकूर तोच राहतो. मुक्त, बालू, मोदक, यात्रा वन, कलम अशी नावे फॉन्टच्या यादीत दिसू लागली ती याच काळात. निवड करणेही सोपे झाले. एकच ओळ दहा फॉन्टांत लावून पार्टीला दाखवायला पूर्वी अर्धा दिवस जाई; आता चहा येईपर्यंत होते. या सोयीचा एक तोटाही झाला. दहांतला सगळ्यात गुटगुटीत नमुना लगेच नजरेत भरतो, आणि पार्टीचे बोट बहुतेक वेळा मोदकवर पडते. काम कशाचे आहे, हा प्रश्न नंतर विचारला जातो.

नव्या माणसाच्या पहिल्या अडचणी फॉन्टच्या नसतात, सॉफ्टवेअरच्या असतात. फोटोशॉप किंवा इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांसाठी ‘वर्ल्ड-रेडी’ मांडणी निवडलेली नसेल, तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या अलीकडे न येता पलीकडे पडते आणि जोडाक्षरे पाय मोडल्यासारखी सुटी दिसतात. कोरलच्या जुन्या आवृत्त्यांतही हाच गोंधळ असे. दोष फॉन्टवर ढकलून तो काढून टाकणारे पुष्कळ भेटतात. मराठी मजकुराची आणखी एक परीक्षा असते ती अर्ध्या ‘र’ची. ‘वऱ्हाडी’, ‘तऱ्हा’, ‘कोपऱ्यावर’ हे शब्द नीट उमटतात का, हे नवा फॉन्ट घेतल्यावर आधी बघावे. कळफलकावर काय दाबले जाते यावरही ते अवलंबून असते. हिंदीच्या सवयीने टाइप केलेल्या मॅटरमध्ये या ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’च्या जागी रफार येऊन बसतो. तीच गोष्ट ‘ल’ आणि ‘श’ यांच्या मराठी वळणाची. महाराष्ट्र शासनाने २००९ साली वर्णमालेचा निर्णय काढून ती वळणे प्रमाण ठरवली. काही फॉन्टांत ती मजकुराची भाषा मराठी निवडल्यावरच येतात, काहींत येतच नाहीत. सरकारी काम असेल तर हे आधी तपासलेले बरे.

मोदकचे स्वतःचे दुखणे मात्र एका बटणात आहे. या फॉन्टात एकच वजन आहे आणि यादीत त्याचे नाव दिसते ‘रेग्युलर’. देवनागरीतल्या सगळ्यात गुटगुटीत फॉन्टांपैकी एक, आणि नाव रेग्युलर! नवखा ऑपरेटर शीर्षक म्हटले की सवयीने ‘बोल्ड’ दाबतो. फॉन्टात बोल्ड नसल्यामुळे सॉफ्टवेअर स्वतःच अक्षराच्या कडेला थर चढवून खोटा बोल्ड तयार करते. साध्या फॉन्टात हे फक्त वाईट दिसते. मोदकमध्ये तो थर थेट फटीत शिरतो आणि अक्षर आंधळे होते. वेबसाइट करणाऱ्यांच्या हातून हे नकळत घडते, कारण ब्राउझर मोठ्या शीर्षकाला मुळातच बोल्ड धरतो. एका बालनाट्याच्या पानावर नाटकाचे नाव काळपट डागासारखे दिसत होते, आणि ‘फॉन्ट खराब आहे, दुसरा घ्या’ असा निरोपही निघाला होता. शीर्षकाचे वजन ‘नॉर्मल’ असे एका ओळीत सांगितल्यावर तेच नाव स्वच्छ वाचता आले.

आकाराचा प्रश्न त्याहून मोठा आहे. शाई कागदावर टेकली की थोडी पसरते. पांढऱ्या कागदावर काळे अक्षर छापले तर शाई अक्षराबाहेर पसरते, म्हणजे फटीत शिरते, आणि फट मुळापेक्षा अरुंद होते. गुळगुळीत आर्ट पेपरवर हे थोडे होते, वर्तमानपत्राच्या कागदावर फार. म्हणून जे शीर्षक रंगीत पत्रकावर छान उठले, तेच वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातीत बुजते. यावर एक उपाय हातासरशी असतो: रंग उलटवणे. गडद पार्श्वभूमीवर अक्षर पांढरे सोडले की शाई अक्षरात नसते, फटीत असते. ती पसरली तर फट बुजत नाही, उलट थोडी रुंद होते. मोदक लहान आकारात वापरण्याची वेळच आली तर पांढरे अक्षर गडद जमिनीवर सोडावे, हे यामुळेच. रंग मात्र एकच असावा. चार रंग एकमेकांवर छापून तयार केलेल्या तपकिरी जमिनीत पांढरे अक्षर सोडले आणि छपाईत एक रंग केसभर सरकला, तर फटीला दोन कडा दिसू लागतात.

टी-शर्टवरच्या स्क्रीन प्रिंटिंगमध्ये हाच हिशेब आणखी कडक होतो. कापड शाई पिते, जाळीची वीण जाड असते आणि रबर जोरात ओढला की रंग पसरतो. एका मंडळाच्या ढोलपथकाचे टी-शर्ट छापायचे होते. छातीवर मोठे नाव आणि बाहीवर तेच नाव लहान करून. छातीवरचे नाव उत्तम आले. बाहीवर मात्र ‘ध’ आणि ‘घ’ यांत फरक उरला नाही, आणि पथकाच्या नावाचा भलताच अर्थ निघू लागला. नंतर बाहीसाठी तोच शब्द बालूमध्ये लावला. बालू हाही ‘एक टाइप’चाच गोलसर फॉन्ट, पण त्याच्या अक्षरांत पोकळी मोकळी आहे. एका कामात दोन आकार असतील तर दोन फॉन्ट लागतात, हे पार्टीच्या गळी उतरवायला वेळ लागतो. पण असा एक टी-शर्ट समोर ठेवला की पुढचे बोलावे लागत नाही.

फ्लेक्सवर काम वेगळ्या कारणाने बिघडते. मोठ्या फ्लेक्सची फाइल बरेचदा ७२ डीपीआयवर केली जाते, म्हणजे एका ठिपक्याची रुंदी साधारण ०.३५ मिलिमीटर. लांबून पाहायच्या कामाला ते पुरते. पण लांबून पाहणाऱ्याला बारीक फट दिसतच नाही, हा मुद्दा तिथे निसटतो. पडद्यावर पूर्ण भरून दिसणारे नाव आणि रस्त्याच्या पलीकडून दिसणारे नाव यांत फार अंतर असते. अनुभवी माणूस त्यासाठी साधी युक्ती करतो: पडद्यावर काम इतके लहान करतो की ते टपाल तिकिटाएवढे दिसावे, आणि दोन पावले मागे सरकून वाचतो. वाचता आले तर फ्लेक्स चालेल. गणेशोत्सवाच्या फ्लेक्सवर मंडळाचे नाव आणि ‘गणपती बाप्पा मोरया’ एवढे मोदकमध्ये लावले तर काम देखणे होते. पण मंडळी हौशी असतात. सल्लागार, कार्याध्यक्ष, खजिनदार, सौजन्य आणि शुभेच्छुकांची पंचवीस नावेही त्याच फॉन्टात हवीत, असा आग्रह येतो. तिथे नम्रपणे नाही म्हणावे लागते, आणि पटवण्याचा उपाय एकच: कार्याध्यक्षाचे नाव मोदकमध्ये लावून प्रूफ काढायचे आणि त्यांनाच ते हातभर अंतरावरून वाचायला द्यायचे.

पाटीच्या कामात कागद-शाई जाते आणि करवत येते. अॅक्रिलिकची सुटी अक्षरे कापायची तर लेझर किंवा राउटर वापरतात. लेझरची रेघ मिलिमीटरच्या काही दशांश एवढीच. राउटरचे पाते मात्र बहुधा तीनएक मिलिमीटरचे. पात्यापेक्षा अरुंद फट ते कापूच शकत नाही. मिठाईच्या एका दुकानाची पाटी अशीच अडली होती. मालकाला जाड पत्र्यासारखी भरीव अक्षरे हवी होती आणि मागून एलईडी. पाटी जेवढ्या उंचीची ठरली होती तेवढ्या उंचीला ‘मि’ आणि ‘ई’ यांच्या फटी पात्यात बसेनात. कारागिराने आधी फटी गाळून कापायची तयारी केली; तो म्हणाला, लांबून कोण बघतो. कापलेला पहिला ‘मि’ पाहून मालकानेच हात वर केले. शेवटी अक्षरांची उंची वाढवली आणि त्यासाठी ‘स्वीट मार्ट अँड नमकीन’ ही दुसरी ओळ खाली साध्या फॉन्टात नेली. पाटी पहिल्यापेक्षा चांगली झाली, कारण मोठा शब्द एकटा पडला. मोदकला एकटेपणा मानवतो.

भरीव अक्षरांत आणखी एक खोच आहे. काही फटी दोन्ही टोकांना बंद असतात. तशी फट कापली की अक्षर एकसंध राहते. पण स्टेन्सिल करायची असेल, म्हणजे अक्षराचा भाग कापून टाकून त्यातून रंग मारायचा असेल, तर फटीची पट्टी अधांतरी राहते आणि गळून पडते. तिला पूल ठेवावे लागतात आणि मोदकच्या अंगावर पूल शोभत नाहीत. भिंतीवर स्टेन्सिलने लिहायचे काम असेल तर हा फॉन्ट घेऊ नये.

स्टिकर कापणाऱ्या प्लॉटरवर मोदक नेण्याआधी ‘वेल्ड’ करणे अत्यावश्यक असते. देवनागरी फॉन्टात शेजारची अक्षरे शिरोरेषेत एकमेकांवर थोडी चढलेली असतात, त्यामुळे पडद्यावर रेषा अखंड दिसते. कोरलमध्ये मजकूर कर्व्हमध्ये बदलला की प्रत्येक अक्षराची स्वतंत्र आकृती होते. ती तशीच प्लॉटरला दिली तर सुरी प्रत्येक सांध्यावर फिरते आणि शिरोरेषेचे तुकडे होतात. स्टिकर काचेवर चिकटवताना एकेक अक्षर सुटे येते. सगळ्या आकृत्या वेल्ड करून एक केल्या की बाहेरची एकच कड कापली जाते. मग येते ते चिमट्याचे काम: फटींमधली विनाइलची सुतासारखी पट्टी सोलून काढायची. लहान आकारात ती पट्टी अर्ध्यावर तुटते, आणि तिला उचकटताना अक्षराचा कोपराही वर येतो. रिक्षाच्या मागच्या काचेवर मोदकमध्ये नाव हवे असणाऱ्याला स्टिकरवाले दर जास्त सांगतात ते काही उगाच नाही. वेळ चिमट्यात जातो.

नटवण्याचा मोह या फॉन्टात सगळ्यात जास्त होतो, आणि नुकसानही तिथेच. कडेला रेघ मारली, म्हणजे आउटलाइन दिली, तर ती निम्मी आत आणि निम्मी बाहेर जाते. मोदकमध्ये ‘बाहेर’ म्हणजे फटही. अक्षराच्याच रंगाची रेघ दिली की फटी गेल्या. वेगळ्या रंगाची रेघ अक्षराच्या मागे ठेवली तर मात्र चांगला परिणाम मिळतो: पिवळे अक्षर, मागे लाल रेघ, फटी लाल होतात आणि सगळे अक्षर लाल चौकटीत बसल्यासारखे दिसते. जुन्या पेंटरांच्या पाट्यांवर असे रंगकाम असे, आणि मोदकला ते शोभते. सावलीचा नियम रंगावर ठरतो. फिकट अक्षराची सावली फटीत पडली तर खोली येते. गडद अक्षराची गडद सावली फटीत पडली तर फट नाहीशी होते. सोनेरी ग्रेडियंट, त्यावर चकाकी, त्यावर उठाव असे एकावर एक चढवले की या अक्षराचा आकार हरवतो. त्याचा आकार हीच त्याची सजावट आहे. सपाट रंगात तो सगळ्यात चांगला दिसतो, हे मत मुरलेल्या मांडणीकारांत जवळजवळ सार्वत्रिक आहे, आणि ते बरोबर आहे.

शब्दांच्या निवडीतही असेच शहाणपण लागते. आखूड, मोकळ्या अक्षरांचे, काना-मात्रा सुटसुटीत असलेले शब्द मोदकमध्ये उठून दिसतात: ‘धमाल’, ‘लाडू’, ‘गंमत’, ‘खाऊ’, ‘मामा’. ‘सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ’ हा शब्दसमूह एका ओळीत लावला तर लांबलचक जाड पट्टा होतो. तीन ओळी केल्या तर वरच्या ओळीतल्या अक्षरांचे पाय आणि खालच्या ओळीतल्या मात्रा-अनुस्वार एकमेकांना भिडतात. ओळींमधले अंतर वाढवावे तर शब्दसमूह फाटल्यासारखा दिसतो. अशा वेळी मात्रा-अनुस्वार वरच्या अक्षरांच्या पायाशी येणार नाहीत अशी ओळींची फोड हाताने शोधावी लागते. कधी ‘गणेशोत्सव’ तेवढे मोदकमध्ये ठेवून बाकीचे शब्द बारीक करावे लागतात. अक्षरांमधले अंतर वाढवणे हा उपाय इथे चालत नाही. रोमनमध्ये अक्षरे पसरवता येतात, देवनागरीत पसरवली की शिरोरेषा तुटते.

‘मामा’सारख्या शब्दात फॉन्टचा एक मूळ स्वभावही उघडा पडतो. दोन्ही ‘मा’ तंतोतंत सारखे येतात. हाताने अक्षरे काढणारा कलावंत असे करत नाही. मराठी नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नाटकांची नावे काढली ती प्रत्येक नाटकाच्या प्रकृतीप्रमाणे. एका नाटकासाठी काढलेले अक्षर त्या नावाचेच राही. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांच्यासारख्या सुलेखनकाराने अक्षराकडे पाहायची दृष्टी दिली आणि त्यांनीच विंडोजवरचा ‘मंगल’ फॉन्टही केला. हाताचे अक्षर आणि यंत्राचे अक्षर ही दोन वेगळी कामे आहेत याचे याहून चांगले उदाहरण नाही. मोदकमधला शब्द हाताने काढलेल्या शीर्षकासारखा वाटतो, पण तो शीर्षकलेखन नाही. कादंबरीच्या किंवा नाटकाच्या नावाला स्वतंत्र चेहरा हवा असेल तर अक्षरकाराकडे जावे. मोदकमध्ये लावलेले नाव शेजारच्या बेकरीच्या नावासारखे दिसेल, कारण अक्षरे तीच आहेत. मांडणीकार कधी मधला मार्ग काढतात: मोदकमध्ये शब्द लावून तो कर्व्ह करतात आणि दुसऱ्या ‘मा’ची फट थोडी वळवतात, कान्याचा पाय आखूड करतात. हे नेटके जमले तर शब्दात जीव येतो. फटींची जाडी एकसारखी ठेवता आली नाही तर ते लगेच दिसते.

प्रसंगाचा विवेक हा या फॉन्टच्या वापरातला शेवटचा आणि सगळ्यात जास्त वेळा चुकणारा भाग. मोदक हसरा आहे. त्याच्या अंगकाठीतच हसू आहे. भावपूर्ण श्रद्धांजलीचा फलक मोदकमध्ये लागलेला पाहिला की पाहणाऱ्याला नेमके काय खटकते ते सांगता येत नाही, पण खटकते. हे फलक बहुधा रात्री घाईत होतात. ऑपरेटर आधीच्या वाढदिवसाची फाइल उघडतो, फोटो आणि नाव बदलतो, फॉन्ट तसाच राहतो. दवाखान्याच्या सूचना, कोर्टाची नोटीस, बँकेचे फलक, पाणी बंद असल्याची जाहिरात इथेही तेच. उलट पोलिओच्या डोसाची किंवा बालवाचनालयाची जाहिरात असेल तर मोदक योग्य आहे, कारण तिथे मुलाला आणि त्याच्या आईला थांबवायचे असते.

गंभीर तरीही सजावटी अक्षर हवे असेल तर देवनागरीत आता पर्याय आहेत. मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या हातांनी रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला यात्रा वन हा फॉन्ट प्रवास, शहर, जुनी मुंबई अशा विषयांना बसतो. जैन कल्पसूत्राच्या पोथीतल्या लेखनावरून केलेला जैनी हा फॉन्ट इतिहास आणि ग्रंथांच्या कामाला शोभतो. श्रीखंड नावाचा एक जाड तिरका फॉन्टही आहे, पण त्यात गुजराती आणि रोमन अक्षरे आहेत, देवनागरी नाहीत. नावावर भाळून मराठी मजकूर त्यात लावणाऱ्याला भलत्याच फॉन्टातले अक्षर दिसते.

मोदकच्या सोबतीला शांत फॉन्ट हवा. सगळ्यात सरळ जोडी मुक्तची. तोही ‘एक टाइप’चाच, अगदी बारीक ते खूप जाड अशा सात वजनांचा, आणि परिच्छेदासाठी केलेला. शीर्षक मोदकमध्ये, उपशीर्षक मुक्तच्या मधल्या वजनात, मजकूर हलक्या वजनात एवढ्यावर एक पत्रक उभे राहते. मोदकशेजारी दुसरा सजावटी फॉन्ट ठेवला की दोघेही एकमेकांचे बोलणे तोडतात. पत्ता, फोन, वेळ, किंमत हे मोदकमध्ये कधीच नको. ‘३’ आणि ‘६’ यांत लांबून गल्लत झाली तर फोन भलत्याकडे जातो.

मोदक ‘ओपन फॉन्ट लायसन्स’खाली दिलेला आहे. पाटी, पुस्तक, पुडी, टी-शर्ट, चित्रपटाचे नाव अशा कोणत्याही व्यावसायिक कामात तो फी न भरता वापरता येतो. सुटा फॉन्ट मात्र विकता येत नाही. ‘फॉन्ट फुकटचा आहे, मग डिझाइनचे पैसे कसले’ असे विचारणारी पार्टी प्रत्येक गावात असते. तिने पैसे द्यावेत ते ओळींची फोड, योग्य उंची, केलेले वेल्ड आणि वाचता येणारी फट यांचे. आणि काम कर्व्ह करून छपाईला जाण्याआधी शुद्धलेखन एकदा स्वतः वाचून सही करावी, कारण त्यानंतर चुकलेली वेलांटी दुरुस्त करायची म्हणजे सगळे काम पुन्हा लावावे लागते.